यान्खो

फॉर्मवर लिहिलंय: मूल जिना चढतं का?
आमच्या सबंध गावात जिना एकच,
मिशनच्या बंद पडलेल्या शाळेचा,
तीन पायऱ्या, तिसरी फुटकी.
म्हणून मी विचारते, वारूळ चढतं का?
ओढ्याची दरड?
झोपलेल्या बापाच्या पोटावर?
बाया हसतात. हसल्या की खरं सांगतात.

सायकलच्या कॅरिअरला पेटी.
पेटीत आठ रिकाम्या काडेपेट्या, पेला, आरसा,
लाल चिंधी, मक्याचे दाणे,
आणि दुधाच्या डब्यात खडे घालून केलेला खुळखुळा.
दाणा चिमटीत धरतं की मुठीनं ओरबाडतं,
एवढ्यावरून बरंच कळतं.
सगळं नाही.

एस्नाती गोरखचिंचेखाली बसली,
पाठीचं चितेन्जे सोडून पोर मांडीवर घेतलं.
वय?
"पूर आला त्या साली, भुईमूग काढायच्या आधी."
मी बोटांवर मोजलं. सव्वीस महिने.
नाव?
"यान्खो."
चिचेवात यान्खो म्हणजे उत्तर.

काडेपेट्यांचा मनोरा: सहा. सातवी हातातच ठेवून माझ्याकडे बघितलं.
पेल्याखाली लपवलेला दाणा: लगेच.
चेंडूला लाथ: दोन्ही पायांनी.
शब्द: एकही नाही.
हाक मारली तर: मुंग्यांची रांग बघत बसला.

आगोगो म्हणाली, "त्याचा मामा पाचव्या वर्षापर्यंत मुका,
आता बाजारात मासे विकतो, त्याचं तोंड कोण बंद करणार?"
सगळ्या हसल्या. मीही.
माझी चूक इथंच झाली होती
चार वर्षांपूर्वी, तळ्यापलीकडे.
तविना नावाची मुलगी, उभी राहताना चवड्यांवर राहायची.
मी लिहिलं, पुढच्या खेपेला बघू.
पुढच्या खेपेला टायर नव्हता,
मग पूर, मग माझंच बाळंतपण.
भेटली तेव्हा साडेपाच वर्षांची होती
आणि तिच्या टाचा जमिनीला टेकायच्या
कायमच्या राहून गेल्या होत्या.

खुळखुळा मी त्याच्या डाव्या कानामागे वाजवला.
उजव्या.
पुन्हा डाव्या, जोरात, झाडावरचे होले उडाले.
तो मुंग्यांपाशीच.

मग झोपडीमागे कुणीतरी उखळात मुसळ घातलं,
आणि त्यानं मान वर केली.
हात पालथा करून मातीवर ठेवला.
मी ओरडले, थांब गं जरा!
मुसळ थांबलं. हात तसाच, वाट बघत.
आता घाल.
धप्प.
तो हसला, सगळे पुढचे दात दाखवून.

एस्नाती माझ्या तोंडाकडे बघत होती.
"लोक म्हणतात डोकं मंद आहे."
मी म्हटलं, मला माहीत नाही.
प्रशिक्षणात हे वाक्य शिकवत नाहीत,
बोलायला मला नऊ वर्षं लागली.
मला माहीत नाही, पण आधी कान बघायला हवेत,
झोम्ब्याला यंत्र आहे, बुधवारी डॉक्टर असतो.
"पोटुशी असताना मी अंडी खाल्ली होती," ती हळूच म्हणाली.
आगोगोनं दुसरीकडे बघितलं.
अंड्यांनी काही होत नाही, मी म्हटलं,
दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा आगोगोला ऐकू जाईल असं.

'विलंब' या रकान्यापुढं दोन चौकटी, आहे, नाही.
दोन्ही मोकळ्या ठेवल्या.
खाली शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं:
बुधवार, झोम्बा, भाडं मी देते.
आणि त्याखाली, साहेब वाचतील तर वाचोत,
या गावात यायला मला चौदा महिने उशीर.

मान वर केली तर
एस्नाती टाच आपटत होती, एकदा, दोनदा,
तो तिच्याकडे वळून बघत होता,
पुन्हा आपटायची, पुन्हा बघायचा,
आणि माझे परीक्षेचे दाणे
कोंबडीनं केव्हाच संपवले होते.